पंधरा पाउंड

दिवाळीआधी तेल बदलून गेली होती, तीच गाडी परत आली.
पिवळी, दोनच दारं, आणि इतकी बुटकी
की अंबडच्या आमच्या गल्लीतला
प्रत्येक खड्डा तिनं पोटानं मोजला.
मालक निनाद भंडारी, दातांचे डॉक्टर, कॉलेज रोडचे.
म्हणाले, कसाऱ्याच्या घाटात दम सोडते.
पाय दाबला की नुसती शिट्टी, मागं काळा धूर,
परवा तर भाजीच्या पिकअपनं मला मागं टाकलं.
पुण्यात सांगितलंय, टर्बो बदला. दोन लाख दहा हजार.
हे सांगताना त्यांचा चेहरा
त्यांच्याच खुर्चीतल्या पेशंटसारखा.

गांगुर्डे काकांनी बॉनेटवर हात ठेवला.
ओझरला विमानाच्या कारखान्यात एकतीस वर्षं
टर्बाइनशेजारी उभे राहिले,
तिथंच कानातले वरचे सूर ठेवून आले.
"शिट्टी कशी आहे?" मला विचारलं.
मी म्हटलं, कुकरची नाही.
किटलीची. झाकण नीट न बसलेल्या.

आधी टर्बोच. पाइप सोडवला, दांडा दोन बोटांत धरला.
आडवा किंचित हलतो, तेवढं चालतं,
तेलाच्या पापुद्र्यावर तरंगायचं असतं त्याला.
पुढं-मागं हलला असता तर दोन लाख गेलेच होते.
नाही हलला.
पाती शाबूत. वेस्टगेटची काडी
हातपंपानं ओढली, आली, परत गेली.
म्हणजे वारा तयार होतोय.
वाटेत कुणीतरी खातंय.

काकांनी पीव्हीसीचं बूच काढलं,
ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं, घरचंच,
हवेच्या तोंडाला ठोकलं, कॉम्प्रेसर लावला.
पाच पाउंड. काही नाही.
दहा. मी साबणाचं पाणी फवारत गेले,
इंटरकूलर, त्याचे दोन्ही खांदे, थ्रॉटलचं तोंड,
फेस सगळीकडे शहाण्यासारखा बसून.
पंधरा.
काटा हळूहळू मागं यायला लागला.
मला ऐकू येत होतं, पण कुठून ते कळेना,
पत्र्याच्या शेडमध्ये आवाज चारी बाजूंनी येतो,
त्यात शेजारची लेथ.

काकांनी चष्मा काढला, गाल ओला केला,
गाडीखाली आडवे झाले
आणि पाइपावरून गाल फिरवत नेला,
तापलेल्या पोराचं अंग बघावं तसा.
थांबले.
"इथं गार लागतंय."

आरसा घातला. क्लॅम्पच्या कडेला, वरच्या अंगाला,
जिथं माझं फवारणं पोचलंच नव्हतं,
रबराला नखाएवढी चीर.
दाब आला की उघडते, गेला की मिटते.
भोवती तेलकट धुळीची टिकली.
आणि क्लॅम्पच्या स्क्रूवर
हिरव्या नेलपॉलिशची रेघ.

आवळून झालं की ती रेघ मी ओढते.
दुसरं कुणी ओढत नाही.
फिल्टरला हात पोचावा म्हणून पाइप काढला होता तेव्हा,
आयटीआयमधून येऊन महिना झालेला,
आणि सुटू नये, सुटू नये म्हणून
अर्धा फेरा जास्त दिला होता.

काका काही बोलले नाहीत.
रेघ त्यांनीही बघितली.

नवा पाइप घालून त्र्यंबक रोडला गेलो.
अंजनेरीच्या अलीकडच्या चढाला काटा वर गेला
आणि तिथंच राहिला.
काका शेजारी, तळवा डॅशबोर्डवर.
"गेली?"
"गेली."

बिलात पाइप अकराशे, क्लॅम्प नव्वद,
मजुरीचा रकाना कोरा. का, ते डॉक्टरांना सांगितलं.
त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं,
मग हळूच म्हणाले,
मी एकदा शेजारचा दात काढलाय.

संध्याकाळी काकांनी चिरलेलं रबर पुसलं,
बाकावरच्या भिंतीत खिळा ठोकून त्याला अडकवलं.
तिथं पुष्कळ तुकडे आहेत,
वाकलेले व्हॉल्व्ह, फुटकी गॅस्केटं, एक अख्खा पिस्टन.
मला वाटायचं, गिऱ्हाइकांना दाखवायला असतील.
"हे सगळं कुणाचं?"
त्यांच्याकडं तोंड करून विचारलं.
"माझं," म्हणाले.
"तुझं हे पहिलं."